गवताचे एकवचन : नायगावच्या खाजणातील एक वसाहत

मराठीत गवत बहुधा एकवचनातच नांदते. आपण झाडे म्हणतो, वेली म्हणतो, फुले तर म्हणतोच. पण माळावर गवत उगवते, वाढते, वाळते आणि वणव्यात जळते. 'गवते' हे अनेकवचन वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाबाहेर क्वचित कानी पडते, आणि तेथेही त्याचा अर्थ 'गवताच्या जाती' एवढाच असतो. मोजण्याची वेळ आलीच तर काडी मोजावी, पाते मोजावे, नाहीतर भारा मोजावा. एक गवत, दोन गवते ही गणती भाषेला मान्य नाही. हा व्याकरणातला एक लहानसा योगायोग आहे असे आम्ही इतके दिवस समजत होतो. नायगावच्या खाजणात एक सकाळ काढल्यावर ते मत बदलावे लागले, आणि त्या बदलाचा माग घेता घेता प्रकरण व्याकरणातून इतिहासात गेले.

पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जाताना भाईंदर सुटले की गाडी वसईच्या खाडीवर येते. मध्ये पांजू बेट, त्याच्या अलीकडे एक पूल, पलीकडे एक. दुसरा पूल संपला की नायगाव. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, तिच्या स्थानकांच्या यादीत नायगाव नाही, 'पांजे' आहे. खाडी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना खारे, सपाट रान लागते : मिठाची आगरे, भाताची जुनी खाचरे, तिवरांची दाटी, आणि आता त्या सर्वांच्या मागे उभ्या राहिलेल्या इमारती. पश्चिमेस कोळीवाडा आणि उमेळे, पूर्वेस जूचंद्र. या गावांतील आगरी समाजाचे नावच आगरावरून पडले आहे असे मानले जाते. आणि मीठ येथे 'तयार' होत नाही, ते 'पिकते'.

आम्ही गेलो ते एप्रिलच्या अखेरीस, आणि पाहिले ते पीक थांबलेले एक आगर. वाफ्यांचे बांध ढासळलेले, तळावर मिठाची पापडी, आणि त्या पापडीवर मधूनमधून हिरवट-करड्या गवताचे गोल ठिपके. आमच्यातील एकाने हौसेने वीतभर लांबीरुंदीची चौकट आखून गवताची 'डोकी' मोजायला घेतली. खात्री करण्यासाठी एक काडी उपटली, तो तिच्यामागे जमिनीलगत धावणारा एक दोराच उचलला गेला. दोऱ्याच्या पेरापेराशी मुळांचा झुबका, वर आखूड टोकदार पानांचा तुरा. आणि तो दोरा चौकटीबाहेर पडून थेट शेजारच्या ठिपक्यात शिरलेला. मोजणी तेथेच संपली. ज्याला आम्ही वीस-पंचवीस रोपे समजत होतो ते कदाचित एकच रोप होते. पानांवर मिठाचे बारीक कण चमकत होते. या गवताच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि मुळांवाटे आत आलेले मीठ त्यांतून बाहेर टाकले जाते. जीभ लावून पाहिली. खारट होते.

या गवताचे शास्त्रीय नाव एल्यूरोपस लॅगोपॉइडीस. ग्रीक धातूंनी फोड केली तर अर्थ होतो 'सशाच्या पायासारखे मांजरपाऊल'. कणसाच्या लवदार आकारावरून कोणा युरोपीय पंडिताला एकाच गवतात दोन प्राण्यांची पावले दिसली. नामकरणातला हा गोंधळ आम्हांला आवडला. लेखाच्या सोयीसाठी यापुढे आम्ही त्याला मांजरपावली म्हणू. उत्तर आफ्रिकेपासून भारतापर्यंत जेथे जेथे जमीन खारी तेथे तेथे ते आढळते. आपल्याकडील गवतांचा मोठा ग्रंथ म्हणजे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचा 'द बॉम्बे ग्रासेस'. ब्लॅटर १९३४ मध्ये वारले आणि ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. अशा ग्रंथांत जाती मोजलेल्या असतात. एका जातीची किती माणसे (हा शब्द क्षम्य मानावा) कोणत्या जमिनीवर केव्हा आली, हा प्रश्न त्यांचा नव्हे.

तो प्रश्न विचारणारे शास्त्र उशिरा आले, आणि गवतापाशी येऊन तेही आमच्यासारखेच अडखळले. वेल्समध्ये अध्यापन करणारे जॉन हार्पर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात वनस्पतींची लोकसंख्या दोन पातळ्यांवर मोजावी लागते हे ठसवले : एका बीपासून झालेला सारा विस्तार ही एक पातळी, आणि त्या विस्तारातील मुळे धरून स्वतंत्र जगू शकणारा एकेक कोंब ही दुसरी. पहिल्या हिशेबाने आगरातला ठिपका म्हणजे एक व्यक्ती. दुसऱ्या हिशेबाने एक गाव. दूर्वेच्या वैदिक मंत्रात पेरापेरातून प्ररोह होण्याची कल्पना आहेच. वंशवृद्धीसाठी आपण ज्या गवताची उपमा देतो ते बीपेक्षा पेरावरच अधिक विसंबणारे आहे, हे त्या मंत्रकर्त्याने नीट पाहिले होते. मराठीचे एकवचन आम्हांला आता अज्ञान वाटत नाही. गवतात एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही, एवढेच ते सांगते.

पण पेरावर विसंबून नवी जमीन मिळत नाही. दोरा जेथपर्यंत पोचतो तेथपर्यंतच गवत जाते. बांध, नाला, भरतीचे पाणी ओलांडायचे तर बीच हवे. मांजरपावलीचे बी बारीक, आणि खाऱ्या मातीत जगणारी ही जात उगवण्यापुरती मात्र गोड्या पाण्याची आस धरते. मिठाचे प्रमाण वाढले की बी रुजण्याचे नाकारते आणि पडून राहते. म्हणजे आगराच्या तळावर वर्षातून एकदाच दार उघडते : जून-जुलैच्या पावसाने वरच्या थरातले मीठ धुतले जाते ते आठवडे. तेवढ्यात रुजून मुळे खोल गेली तर पुढचा उन्हाळा निभतो. नाहीतर पापडी चढते आणि रोप करपते. जमीन थोडी उंच असेल, फक्त उधाणाचेच पाणी तेथे चढत असेल, तर गवताचे फावते; रोजची भरती येत असेल तर तिवर येते आणि त्याच्या सावलीत गवत मागे हटते. वीतभराच्या उंचसखलपणाने येथे राज्ये बदलतात.

म्हणून सुरुवातीची कित्येक वर्षे काहीच घडत नाही असे वाटते. दहा ठिकाणी बी रुजते, आठ ठिकाणी मरते. जे दोन उरतात ते ठिपके होतात आणि ठिपक्याची कड दरवर्षी साधारण सारखीच पुढे सरकते. पण कड सारखी सरकली तरी क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. वितीचा ठिपका दुप्पट रुंद झाला की चौपट जमीन झाकतो. शिवाय प्रत्येक ठिपका आता बी टाकू लागलेला असतो. मग एखाद्या वर्षी रेल्वेच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटते की गवत 'एकाएकी' आले. ते एकाएकी आलेले नसते, आपले लक्ष एकाएकी गेलेले असते. पुढे ठिपके एकमेकांना भिडतात, रिकामी जागा संपते आणि वाढ मंदावते. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलेली वळणदार रेषा हीच : आधी सपाट, मग चढती, मग पुन्हा सपाट. १९५१ मध्ये स्केलम याने नव्या प्रदेशात पसरणाऱ्या प्राण्यांच्या व्याप्त क्षेत्राचे वर्गमूळ काळाबरोबर सरळ रेषेत वाढते असे दाखविले. त्याचे उदाहरण होते १९०५ च्या सुमारास प्रागजवळ सुटलेल्या कस्तुरी उंदरांचे; नियम मात्र आमच्या ठिपक्यांनाही लागू पडावा.

अशा वसाहतीचा सर्वांत तपशीलवार लिहिला गेलेला इतिहास खाडीगवताचाच आहे, फक्त खाडी आपली नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्पार्टिना हे गवत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांबरोबर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनच्या खाडीत उतरले. तेथील देशी स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला. १८७० मध्ये हाइथ येथे तो संकर गोळा केला गेला. संकर वांझ होता, केवळ पेरांवर जगत होता. पुढच्या दोन-एक दशकांत त्याच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, वांझ गवताला बी धरू लागले आणि दक्षिण इंग्लंडचे चिखलपट्टे भराभर हिरवे झाले. लोकांना त्यात नव्या जमिनीची संधी दिसली. किनारा बांधण्यासाठी हे गवत देशोदेशी नेऊन लावले गेले, १९६३ मध्ये चीनमध्येही. त्याच सुमारास त्याच्या जन्मभूमीतली जुनी कुरणे मात्र आपोआप मरू लागलेली होती. पलीकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विलापा उपसागरात, कालवांच्या व्यापाराबरोबर गेलेले अमेरिकी स्पार्टिना कित्येक दशके जवळजवळ जागच्या जागी राहिले. एकट्यादुकट्या ठिपक्याला वाऱ्यावरून पुरेसे पराग मिळत नाहीत म्हणून बी फारच कमी धरते, हे त्याचे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले गेले. शेजारी हवा असतो. गवतालाही.

नायगावच्या मांजरपावलीचा असा इतिहास कोणी लिहिला नाही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही : साउदॅम्प्टनचा चिखल नवे गवत येण्याआधीच कोणाच्या तरी डोळ्यांखाली होता, आणि इकडच्या खाजणाकडे कागदाचे डोळे वळले ते वसुलीपुरते. १५३४ च्या तहाने वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. १५५४ च्या सिमाँव बोतेल्यूच्या दप्तरात वसईच्या उत्पन्नाची बाब-बाब मांडलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, दप्तराची लिपी बदलली, दप्तराचा डोळा बदलला नाही. कॅम्बेलच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये निघालेल्या गॅझेटियरच्या ठाणे खंडात मीठ आहे, खारे भात आहे, बांध आणि धारापद्धती आहेत. बांध घालून समुद्रापासून काढलेल्या जमिनीची 'शिलोत्री' ही पद्धतही तेथे भेटते : बाहेरचा मोठा बांध राखण्याच्या मोबदल्यात पिकातला ठरलेला वाटा. 'महिकावतीची बखर' आठवावी. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही बखर उत्तर कोकणातील एका वसाहतीचीच कथा आहे; राजा येतो, बरोबर कुळे येतात, गावे वाटली जातात. वाटण्यापूर्वी त्या जमिनीवर काय होते, हा प्रश्न वसाहतीच्या कथेला पडत नाही. तिच्या दृष्टीने जमीन त्याच दिवशी सुरू होते.

या सर्व कागदांत खाजणाला दोनच अवस्था आहेत : लागवडीखाली आणि पडीक. आमचे भांडण या 'पडीक'शी आहे. तो शब्द जमिनीचे वर्णन करतो असे भासते. वस्तुतः तो सारा भरणाऱ्याच्या अनुपस्थितीचे वर्णन करतो. पडीक जमीन पडून नसते. वरच्या परिच्छेदांत सांगितलेले सारे तिच्यावर चाललेले असते.

आता दुसऱ्या गवताकडे येऊ, कारण या खाजणाचा लिखित इतिहास त्याचाच आहे. भात हेही गवतच. भरती अडवणारा बांध घातला, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी उघाडी बसवली, आणि चार-सहा पावसाळे मातीवरून वाहू दिले की खाजणाचे खाचर होते. या काळात मांजरपावली मागे सरते. मीठ कमी झाल्याचा फायदा मीठ न सोसणाऱ्या गवतांना होतो आणि ती तिच्यावर मात करतात. मिठाने तिला वाढवले नव्हते, मिठाने फक्त तिचे प्रतिस्पर्धी दूर ठेवले होते. मग येते ते भात मात्र साधे नसते. उत्तर कोकणच्या खाऱ्या जमिनीतील तांबड्या दाण्याचे वाण, काळा राता आणि भुरा राता, आजही क्षारसहिष्णू भाताच्या संशोधनात नावानिशी येतात, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच प्रश्नावर पिढ्यानपिढ्या काम केले आहे. भाताचे रोप कोवळेपणी मिठाला सर्वांत भिते. म्हणून पहिल्या जोरदार सरींनी जमीन धुतल्यावर मोड आलेले बी फेकायचे, ही रहू पद्धत. मांजरपावलीचे बी ज्या आठवड्यांची वाट पाहते तेच हे आठवडे. फरक इतकाच की तेथे बी थांबते, येथे माणूस थांबतो.

हा फरक लहान नाही. रानातले भात पिकले की आपले दाणे आपणच सांडते. तेच त्याचे पसरणे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात झाडांखाली विखुरलेले नीवाराचे दाणे पाहून दुष्यंत आश्रम ओळखतो. तेथे ते पोपटांच्या ढोलीतून पडलेले असतात, पण नीवार ही सांडणारी जात आहे हे कवीच्या डोळ्यांसमोर असणारच. आपल्याकडे तळ्यांच्या, डबक्यांच्या काठी आपोआप येणाऱ्या अशा भाताला देवभात म्हणतात आणि ऋषिपंचमीला ते मुद्दाम शोधून आणले जाते, कारण त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नसते. न पेरलेले, न नांगरलेले ते पडीक. आणि तेच एका तिथीला देवाचे. माणसाने निवडत निवडत जे भात घडवले ते दाणे धरून ठेवते. कापणीला ते सोयीचे, पण त्या बदल्यात त्याची पाऊल टाकण्याची शक्ती गेली. रात्याला नव्या खाचरात जायचे तर कोणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीतून जावे लागते. म्हणून या दुसऱ्या गवताच्या लोकसंख्येचा आलेख काढायचा झाला तर त्यात बांध बांधणाऱ्या हातांची संख्या घालावी लागेल.

बांधाला खांड पडली की हा आलेख एका रात्रीत उलटतो. उधाणाचे पाणी आत शिरते, भात बसते, आणि खांड वेळेवर बुजवली नाही तर दोन-तीन वर्षांत मांजरपावली आणि तिवर आपले जुने पत्ते शोधत परत येतात. पुढे रायगडात हाच बांध वर्गसंघर्षाचा विषय झाला. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला कुळांचा संप कित्येक वर्षे चालला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आला, त्याच्या जागी १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, आणि बांध सरकारी खात्याकडे गेला. गावकीने राखलेला बांध आणि खात्याने राखलेला बांध यांतील फरक सांगायला येथे जागा नाही. गवताला तो लगेच कळतो.

तिसऱ्या गवतासाठी खाजण सोडून डोंगराकडे वळावे लागते, पण जिल्हा तोच. डहाणू, उंबरगावच्या डोंगरउतारांवरील गवत मुंबईच्या तबेल्यांतील गुरांसाठी जात असे. गवत हे तेथे जमीनदारांचे रोकड पीक होते. १९४५ मध्ये वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली गवत कापण्यास नकार दिला, आणि मागणी होती ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. त्या वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. वेठबिगारीच्या अंताचे पुस्तक म्हणून आपण ते शिकवतो, आणि ते योग्यच. पण त्यात गवत पौंडांत मोजलेले आहे याकडे आमचे लक्ष या निमित्ताने गेले. ज्या गवताला भाव होता ते मोजले गेले, त्याच्या मोजमापावरून रक्त सांडले. नायगावच्या खाजणातील गवताला भाव नव्हता. ते मोजायची गरज कोणालाच पडली नाही.

आता ती जमीनच मोजली जात आहे, आणि पुन्हा एकदा सर्व काही शब्दांवर येऊन ठेपले आहे. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांत पाणथळ म्हणजे काय याची व्याख्या आहे. व्याख्येचा हात प्रथम मोठा पसरतो, दलदल, चिखल, खारे पाणी, निमखारे पाणी सर्व कवेत घेतो. आणि मग वगळण्याची यादी येते. तिच्यात भातखाचरे आहेत आणि मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचनाही आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे कलम एकदा अवश्य वाचावे. एका वाक्याच्या उत्तरार्धात काय काय नाहीसे होऊ शकते याचा तो वस्तुपाठ आहे. राता भाताची खाचरे आणि आगर, म्हणजे नायगावच्या खाजणाचे बहुतेक सगळे चरित्र, त्या उत्तरार्धात आहे. बाकी राहिलेल्या तिवराला न्यायालयाच्या आदेशांचा आधार आहे. गवताला कोणत्याही कलमात नाव नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी भाडेपट्ट्याने घेण्यास मान्यता दिली. त्या वेळच्या वाद-प्रतिवादात मिठागरांना 'मोकळी जमीन' म्हणणारे भेटले, आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी जमीन म्हणणारेही. घरे हवीत, हे आम्ही नाकारत नाही. ज्यांना घर नाही त्यांच्यापुढे गवताची कैफियत मांडण्याचा उद्धटपणा आम्हांला करायचा नाही. पण 'मोकळी' हे विशेषण ज्याने लावले त्याने जून-जुलैत तेथे जाऊन खाली वाकून पाहिले होते काय, एवढे विचारायला हरकत नसावी.

त्या सकाळी परतताना आम्ही स्थानकाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक नवा भराव पाहिला. मुरूम आणि इमारतींचा राडारोडा टाकून खाजण पुरुषभर उंच केलेले. मुरुमाबरोबर डोंगरातले बीही ट्रकमध्ये बसून येते. मागल्या पावसात उगवून वाळलेली हरळी आणि कुसळांचे झुबके वर दिसत होते. सर्वांत दाट होते ते गाजरगवत. अमेरिका खंडातून आलेले, पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले. ते गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती आहे; पण न पेरता येणाऱ्या सगळ्याला मराठीने तेच एकवचन देऊन टाकले आहे. भरावाच्या पायथ्याशी, जेथे मुरूम संपून खारी माती सुरू होते तेथे, मांजरपावलीचा एक दोरा उतारावर दोन वीत चढला होता. शेवटचे पेर वाळलेले होते, त्याच्या अलीकडचे हिरवे.